पेंडुरकरांचं नाक

प्रत्येक कलावंताच्या हातामागे त्याच्या पूर्वसुरींचा हात असतो, असं थोर लोक सांगून गेले आहेत. सिद्धेश म्हापणकरच्या बाबतीत हा हात अंमळ लांब होता. थेट कोपरापर्यंत पोचला होता. सिद्धेश राहायचाही कोपरलाच, पण तो निव्वळ योगायोग.

पूर्वसुरींचं नाव ल. धों. पेंडुरकर. हे नाव आपण ऐकलेलं नसेल, तर त्यात आपला दोष नाही. एके काळी 'चिंचबोरं' नावाचं मुलांचं मासिक निघायचं. त्याच्या शेवटच्या पानावर पेंडुरकरांची एक आडवी चित्रपट्टी असायची. चौकटी पाच-सहा, त्यांत एक राजा किंवा एक चोर, आणि खाली तात्पर्य. मासिक बंद पडलं, पेंडुरकर गेले, आणि दोन्ही गोष्टींची बातमी कुठे आली नाही. पण म्हापणकरांच्या माळ्यावर 'चिंचबोरं'चे बांधलेले अंक होते, आणि दुसरीत असताना सिद्धेशला कांजिण्या झाल्या. अंथरुणातून उठायची बंदी. मग विमलाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, फराळाच्या डब्यात घालायचा पातळ कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "गिरव काहीतरी. खाजवू नकोस."

त्याने पेंडुरकर गिरवले. कांजिण्या गेल्या, पेंडुरकर राहिले.

पेंडुरकरांच्या माणसांची खूण म्हणजे नाक. लवंगी मिरचीसारखं बारीक, टोकाला किंचित वर वळलेलं. राजाला तेच, चोराला तेच, राजाच्या घोड्यालाही जवळजवळ तेच. तिशी ओलांडली तरी सिद्धेशच्या पेन्सिलीतून दुसरं नाक उतरत नव्हतं. डोंबिवलीत तो चित्रकलेचा क्लास चालवायचा, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांचा. एका वर्षी 'बाजारातील दृश्य' असा विषय आला. त्याच्या विद्यार्थ्यांनी काढलेली भाजीवाली, गिऱ्हाईक, हमाल आणि पोलीस अशी सगळी मंडळी एकाच घरातली दिसत होती. एका पालकांनी विचारलंही, "सर, हे लग्नाचं दृश्य आहे का?"

बाकी मुलगा नाकासमोर चालणारा होता. फक्त नाक स्वतःचं नव्हतं.

तर एका रविवारी दुपारी हा ठाकुर्लीत गोविंदाच्या रद्दीच्या दुकानात 'चिंचबोरं'चे सुटे अंक हुडकत बसला होता. श्रावण संपत आलेला. बाहेर पाऊस होता, पण आता कंटाळून, सरकारी कचेरीत काम केल्यासारखा पडत होता. दुकानात ओल्या कागदाचा तो विशिष्ट वास. ज्यांना तो आवडतो, त्यांना आवडतो. आणि समोर, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर मांडी ठोकून एक मुलगी पुस्तक वाचत बसली होती. शेवटच्या पानाकडून.

सिद्धेशला राहवेना.

"ओ मॅडम... पुस्तक उलटं धरलंय तुम्ही."

"सरळच आहे." तिने मान वर केली नाही.

"नाही, म्हणजे — शेवट आधी वाचताय."

"ही सुरुवात आहे. जपानी कॉमिक आहे. उजवीकडून डावीकडे वाचतात."

"कमाल आहे! मग गोंधळ नाही होत?"

"तुम्ही कल्याणहून ठाण्याला जा नाहीतर ठाण्याहून कल्याणला, डोंबिवली मधेच येते ना?"

सिद्धेशकडे याला उत्तर होतं. पण तेवढ्यात तिने मान वर केली आणि उत्तर गेलं.

डोळे मोठे होते. एवढे मोठे, की त्यांत एखादी खिडकी चमकताना काढावी. नाक मात्र छोटंसं, गोलसर, साधं. मिरचीशी दूरान्वयानेही संबंध नसलेलं. सिद्धेश त्या नाकाकडे बघतच राहिला. त्याला ते कसं काढायचं, हे ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच.

"काय झालं? काही लागलंय का?" तिने नाक पुसलं.

"नाही... ठीक आहे. म्हणजे — छान आहे."

"नाक?"

"पाऊस," सिद्धेश म्हणाला.

तिने त्याच्या मांडीवरचा अंक ओढला, दोन पानं उलटली. "हे कोणी काढलंय?"

"पेंडुरकर." हा शब्द त्याने देवघरात उच्चारावा तसा उच्चारला.

"सगळ्यांचं नाक सेम आहे."

"ती शैली आहे त्यांची."

"शैली कसली? सर्दी आहे ती."

खरं तर सिद्धेशने तिथल्या तिथे उठून जायला हवं होतं. पेंडुरकरांचा अपमान त्याने सख्ख्या मामाकडूनही खपवून घेतला नव्हता. पण तो हसला. आणि हसल्यावर मनात भयंकर गोंधळला, कारण हसावं असं त्याने ठरवलेलं नव्हतं.

तिचं नाव मेघाली मढवी. राहणार कळवा. कार्टूनच्या कंपन्यांसाठी ती मागची दृश्यं रंगवायची, म्हणजे झाडं, आकाश, भिंती. "पुढे माकडं नाचतात, मागची भिंत माझी," अशी तिने स्वतःची ओळख करून दिली. तिला स्वतःचं कॉमिक काढायचं होतं. गोष्ट तयार होती, पण तिची गोष्ट पुढे सरकत नव्हती. सिद्धेशलाही कॉमिक काढायचं होतं, आणि त्याची गोष्ट थांबत नव्हती. ठाण्यात दिवाळीनंतर चित्रकथावाल्यांचा एक मेळा भरणार होता. दोघांनी मिळून एक टेबल घ्यायचं ठरवलं. कोणी आधी सुचवलं यावर पुढे बरेच दिवस वाद होता.

गोष्ट मेघालीची होती. खाडीकाठच्या खारफुटीत राहणाऱ्या मुंजाची. या मुंजाला पलीकडच्या काठावरच्या पिंपळावर जायचं असतं, पण भूत असला तरी त्याला पाणी ओलांडता येत नाही, म्हणून तो पूल होण्याची वाट बघत असतो. पुलाचं भूमिपूजन झालं तेव्हा तो जिवंत होता.

दुपारी क्लासची मुलं यायच्या आधी दोघं क्लासमध्येच बसायची. पहिल्या आठवड्यातच युद्ध पेटलं.

"हे काय?" मेघालीने त्याचं पान वर धरलं. "पहिल्या चौकटीत मुंजा मरतो, दुसऱ्या चौकटीत भूत होतो, तिसऱ्यात पूल कोसळतो! श्वास घे की जरा."

"पेंडुरकर पाच चौकटींत राज्याभिषेक करायचे."

"त्यांना पाचच मिळत होत्या रे! आपल्याकडे चाळीस पानं आहेत."

"आणि तुझं काय? तीन पानं झाली, मुंजाने चहाचा कप अजून उचललेला नाही."

"तो विचार करतोय."

"तीन पानं?"

"भूत आहे. त्याला घाई काय?"

मग खालच्या मजकुरावरून. सिद्धेशने मुंजा ढसाढसा रडताना काढला आणि खाली चौकोनात लिहिलं, 'मुंजा रडू लागला.'

"दिसतंय ना रडतोय ते!"

"वाचकांच्या सोयीसाठी."

"वाचक काय आंधळा आहे? आणि हे चौकटीच्या कोपऱ्यात एक, दोन, तीन आकडे कशाला?"

"कुठून कुठे वाचायचं ते कळावं म्हणून. पेंडुरकर —"

"तुझ्या पेंडुरकरांना एकदा भेटायचंय मला," मेघाली म्हणाली. "आकडे काढून टाक. ज्याला वाचायचं तो वाचतो बरोबर."

सिद्धेशने आकडे काढून टाकले. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. सिद्धेशने ठेवलं नाही.

युद्धात एक गंमत असते. शत्रूच्या सवयी लागतात. भाद्रपदाच्या सुमारास सिद्धेशने एक अख्खं पान काढलं, ज्यात मुंजा नुसता पाण्याकडे बघतो. एक अक्षर नाही. पान झाल्यावर तो स्वतःच घाबरला, त्याला वाटलं आपल्याला बरं नाहीये. आणि त्याच आठवड्यात मेघालीच्या पानावर डाव्या कोपऱ्यात एक चौकोन उगवला. त्यात लिहिलं होतं, 'एके दिवशी'.

"हे काय?" या वेळी सिद्धेशने विचारलं.

"चुकून आलं," मेघाली म्हणाली. तिचे कान लाल झाले. त्याचं पान तिने उचललं, बराच वेळ बघितलं. "आणि हे?"

"पाऊस पडत होता... काही सुचलं नाही."

"छान आहे," ती म्हणाली. "पाऊस."

दोघांनी एकदमच खोडरबराकडे हात नेला. खोडायचं कुणालाच काही नव्हतं.

ती दर रविवारी 'चिंचबोरं'चे दोन-तीन अंक घरी न्यायला लागली होती. "टाइमपास" म्हणून. त्याने तिचं एक जपानी पुस्तक मागून घेतलं होतं. "अभ्यास" म्हणून.

मग तो बंगाली अंक सापडला.

सापडला मेघालीलाच, गोविंदाच्याच दुकानात. कुठल्या तरी जुन्या बंगाली मुलांच्या मासिकाचा, कव्हर गेलेला अंक. ती पळत क्लासवर आली आणि काही न बोलता तिने तो सिद्धेशपुढे ठेवला. आत एक राजा होता, एक चोर होता, एक घोडा होता. तिघांनाही नाक एकच. लवंगी मिरची, टोकाला किंचित वर. आतल्या पानावर छापलेल्या सालावरून अंक पेंडुरकरांच्या पहिल्या पट्टीच्या कितीतरी आधीचा. चित्रकाराचं नावही पुसट झालेलं.

सिद्धेश खाली बसला. बाकावर बसायचं ते जमिनीवरच बसला.

"म्हणजे नाक त्यांचं नव्हतंच?"

मेघालीने पुढचं पान उलटलं. तिथेही तेच.

"मी ज्यांचं चोरलं, त्यांनी चोरलेलं. म्हणजे मी चोराचं..." त्याने बंगाली राजाच्या नाकावर बोट ठेवलं. "कांजिण्यांपासून गिरवतोय मी हे, मेघाली."

चेष्टा करायला याहून चांगली वेळ आली नसती. सर्दीचा विनोद तर तयारच होता. पण ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली, दोन्ही अंक शेजारी शेजारी ठेवले.

"चोरी कशाला म्हणतोस?" ती हळूच म्हणाली. "त्यांनाही कोणीतरी आवडलं असेल ना. एवढं आवडलं असेल, की हात तसाच वळायला लागला. आवडल्याशिवाय कोण कुणाचं गिरवतं?"

सिद्धेशने तिच्याकडे पाहिलं. खिडकीतून येणारा उजेड तिच्या गालावर पडला होता, आणि नाक — ते अवघड नाक — अगदी जवळ होतं. काहीतरी बोलायला हवं होतं. ते काय, हेही त्याला नेमकं माहीत होतं.

"चहा?" तो म्हणाला.

आश्विनात तिने बातमी आणली. हैदराबादच्या एका मोठ्या स्टुडिओने तिला बोलावलं होतं. भिंती नाहीत, या वेळी पुढची पात्रं काढायची. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

"मग?" सिद्धेश म्हणाला.

"मग तू सांग. जाऊ?"

ती पेन्सिलीला टोक काढत होती. पेन्सिलीला आधीच टोक होतं. सिद्धेशच्या छातीत एकाच वेळी दहा-बारा गोष्टी उठल्या, दारात चेंगराचेंगरी झाली, आणि त्यातून जी बाहेर निसटली ती अशी —

"तिथे बिर्याणी चांगली मिळते."

टोक मोडलं.

"मी बिर्याणीबद्दल नाही विचारलं."

"नाही... म्हणजे — उद्या सांगतो. काढून दाखवतो. तोंडाने माझं नीट येत नाही, तुला माहितीये."

"उद्या," ती म्हणाली. "नीट काढ."

त्याने नीट काढलं. पेंडुरकरांसारखी एकच आडवी पट्टी, सहा चौकटी. पण आतला ऐवज पहिल्यांदाच सगळा स्वतःचा. खाली मजकूर नाही, कारण तिला आवडत नाही. कोपऱ्यात आकडे नाहीत, कारण तिला आवडत नाहीत. आणि मुख्य म्हणजे मुलीच्या चेहऱ्यावर मिरची नाही. ते छोटं गोल नाक त्याने इतक्या वेळा खोडून पुन्हा काढलं, की कागद तिथे पातळ झाला.

पट्टीत एक बाक. बाकाच्या एका टोकाला पाठ फिरवून बसलेली मुलगी, दुसऱ्या टोकाला वडापाव घेऊन बसलेला मुलगा. मग तो तिच्याकडे बघतो. मग वडापाव पुढे करतो. मग ती एक घास खाते. मग वडापाव अर्धा, दोघं जवळ. आणि शेवटच्या चौकटीत वडापाव नाही, तिचं डोकं त्याच्या खांद्यावर. कोणाही शहाण्या माणसाला अर्थ कळावा.

दुसऱ्या दिवशी त्याने पट्टी तिच्या हातात ठेवली आणि स्वतः फळ्याकडे तोंड करून उभा राहिला. फळ्यावर शंकू आणि दंडगोल होते. तो दंडगोलाकडे बघत राहिला.

मागे पट्टीचा कागद खसखसला.

"कळलं," मेघाली म्हणाली.

तो वळला. "कळलं?"

"स्पष्टच आहे की." तिचा आवाज चित्रातल्या भिंतीसारखा सपाट होता. "नाक पण माझंच काढलंयस, म्हणजे शंकेला जागाच नाही. थँक्यू. निदान खरं बोललास."

"मग... तुझं काय?"

"माझं काय असणार? ठीक आहे." तिने बॅग उचलली, दारापाशी थांबली, पट्टी बॅगेत घातली आणि गेली. तिच्या छत्रीची काडी दाराला अडकली, तिने जोरात ओढली, काडी मोडली, तरी तिने मागे वळून पाहिलं नाही.

सिद्धेशला काही म्हणता काही कळेना. होकार असा असतो का? त्याला अनुभव नव्हता. त्याने घरी जाऊन विमलाबाईंना आडून विचारलं.

"आई, एखादी मुलगी 'थँक्यू, निदान खरं बोललास' म्हणाली, तर —"

"काय केलंस तू?" विमलाबाई भेंडी चिरायच्या थांबल्या.

"काही नाही. चित्र दिलं."

"अरे देवा! पुन्हा ते मिरचीचं नाक?"

"नाही गं, या वेळी चांगलं काढलं होतं."

"मग काही खरं नाही," विमलाबाई म्हणाल्या आणि पुन्हा भेंडी चिरू लागल्या.

गुरुवारी संध्याकाळी मेघालीचा मेसेज आला. 'हैदराबादला हो कळवलं. मुंजा तुझ्याकडेच राहू दे. तूच पूर्ण कर. त्याला पाच चौकटींत पलीकडे नेलंस तरी चालेल.'

हा मेसेज सिद्धेशने वरून खाली वाचला, खालून वर वाचला. दोन्हीकडून अर्थ एकच निघत होता. मग शुक्रवारी त्याने क्लासला सुट्टी दिली आणि कळवा गाठलं.

दार तिच्या आईने उघडलं. शकूताई. कमरेला पदर खोचलेला, हाताला कोलीम, म्हणजे बारीक ओला जवळा, साफ केल्याचा वास. त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"तू तो नाकवाला ना रं?"

"अं... हो. मेघाली आहे का?"

"नाय घरान. खाडीवर बसलीय तोंड फुगवून. दोन दिस धड जेवली नाय. काय केलास तू माझे पोरीला?"

"काकू, मी काहीच नाही केलं."

"त्येच तं!" शकूताई म्हणाल्या. "जा. आनि बोल कायतरी तोंडानं. रोज रातचे ती तुझी पोथी वाचून दाखवतं मना, राजाची नि चोराची. मी निजले तरी वाचतं."

पोथी म्हणजे 'चिंचबोरं', हे सिद्धेशच्या डोक्यात शिरेपर्यंत तो अर्ध्या वाटेवर पोचला होता. आणि रोज म्हणजे फक्त रविवारी नाही, हे त्यानंतर.

खाडीला ओहोटी होती. चिखलावर ऊन चकाकत होतं, खारफुटीतून तो ओळखीचा खारट, कुबट वास येत होता, आणि पुलावरून गाड्या जात-येत होत्या. मेघाली बांधावर बसली होती. मांडीवर ती पट्टी.

"आता काय?" ती म्हणाली. "दुसरा भाग आणलायस?"

"मेघाली, मला कळत नाहीये. तुला नको असेल तर नको म्हण. पण थँक्यू काय? खरं बोललास काय?"

"मला नको?" ती उभीच राहिली. "मला? हे काय आहे मग?" तिने पट्टी त्याच्यापुढे धरली आणि बोट ठेवलं. डावीकडच्या चौकटीवर. "इथे मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसलीये. छान. मग तू लांब सरकतोस. मग मी तोंडातला घास काढून वडापाव तुला परत देते. मग तू तो घेतोस. आणि शेवटी आपण दोघं दोन टोकांना, तुझा वडापाव तुझ्याकडे, माझी पाठ तुझ्याकडे. जा हैदराबादला! याच्याहून साफ कोण सांगणार?"

सिद्धेशचं तोंड उघडं राहिलं. त्याने पट्टीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा पट्टीकडे.

"अगं, पण... उष्टा अर्धा वडापाव अख्खा कसा झाला, याचा विचार नाही केलास?"

"केला ना! मला वाटलं सिंबॉलिक आहे."

"तू उजवीकडून डावीकडे वाचतेस ना? उजवीकडून काढलंय मी हे!"

"माझी पुस्तकं वाचते उजवीकडून! तुझी पट्टी कशाला उजवीकडून वाचीन? तुझे ते पेंडुरकर डावीकडून असतात. दोन महिने तेच तर वाचतेय. आता जपानी उघडलं तरी आधी डावीकडे नजर जाते माझी. वाट लावलीस तू!"

"आणि मी..." सिद्धेश अडखळला. "मी आयुष्यात कधी उजवीकडून काढलं नव्हतं. दोनदा चुकलं. तू तसं वाचतेस, म्हणून —"

चिखलात एक बगळा एका पायावर उभा होता, त्याने पाय बदलला.

"म्हणजे तू माझं गिरवत होतास," मेघाली हळूच म्हणाली.

"आणि तू माझं..."

पुढचं वाक्य दोघांनाही ठाऊक होतं. ते तिनेच क्लासच्या जमिनीवर बसून म्हटलेलं होतं, म्हणून पुन्हा कोणी म्हटलं नाही.

"पण मेघाली, मी तुला जाऊ नको म्हणणारा कोण? एवढं चांगलं काम —"

"परवानगी कोण मागत होतं, येड्या?" तिचे ते मोठे डोळे भरून आले होते. "मला एवढंच बघायचं होतं, की मी गेले तर इथे कुणाला वाईट वाटेल का. नि तू बिर्याणी बोललास!"

"वाईट वाटेल. खूप वाटेल. मला —" आता मात्र त्याने डोळे मिटले आणि तोंडाने, एकट्या तोंडाने, मदतीला पेन्सिल न घेता सांगून टाकलं. नेमकी तेव्हाच पुलावरून जलद गाडी धडधडत गेली.

"काय? ऐकू नाही आलं!"

"मला तू आवडतेस!"

"अजून एकदा."

"गाडी गेली की आता."

"माहितीये," मेघाली म्हणाली. "तरी."

त्याने पुन्हा सांगितलं. मग ती म्हणाली, "मलाही... मिरचीसकट." आणि तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्याच्या डाव्या की उजव्या, हे विचारू नये.

पण हैदराबादला होकार गेला होता, आणि तो मागे घ्यावा असं दोघांनाही मनापासून वाटत नव्हतं. मग त्यांनी जुन्या काळच्या प्रेमिकांसारखा विरह ठरवायला घेतला. तिने जायचं. त्याने महिन्यातून एकदा यायचं, रात्रीच्या गाडीने. मुंजाची पानं टपालाने जातील-येतील. एक चौकट त्याची, एक तिची, आणि दिशा दर पानाला आधी ठरवून. ऊन उतरत गेलं. खाडीत पाणी चढायला लागलं. ती म्हणाली, "विसरणार नाहीस ना?" तो म्हणाला, "तुझं नाक आता माझ्या हातात बसलंय. पुढची तीस वर्षं माझ्या क्लासची सगळी मुलं तेच काढणार." ती रडता रडता हसली, आणि त्याच्या लक्षात आलं, की आपणही रडतोय, आणि खाली मजकूर लिहायची गरज नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नंबर हैदराबादचा. तिने डोळे पुसले, घसा साफ केला आणि स्पीकर लावला.

"मेघालीजी, काँग्रॅच्युलेशन्स! जॉइनिंग के लिए सिस्टम भेजना है. घर का अ‍ॅड्रेस कन्फर्म कर दीजिए."

"हैदराबादमध्ये अजून... मतलब, हैदराबाद में अभी घर नहीं लिया है मैंने. जागा बघायची — ढूँढनी है."

पलीकडे कीबोर्ड खडखडला.

"हैदराबाद क्यों, मॅडम? आपका तो वर्क फ्रॉम होम है."

कॉम्प्युटर मंगळवारी कळव्याला आला. सही शकूताईंनी केली.